नॅनोव्हीएनएचं फर्मवेअर अपडेट दर पावसाळ्यात फसतंय? यंत्र मेलं असं ठरवण्याआधी हे पाहा

जून-जुलैत मासेमारी बंद असते. बोटी वर ओढून शाकारलेल्या, खलाशी गावी गेलेले, आणि बोटींचे वायरलेस सेट, फिश फाइंडर, जीपीएस यांची कामं करणाऱ्यांना वर्षातून एकदाच मिळते तेवढी उसंत. हर्णैपासून वेंगुर्ल्यापर्यंत अँटेना तपासायला नॅनोव्हीएनए हे हातातलं छोटं मोजमापाचं यंत्र वापरणारे आता बरेच झालेत, आणि या उसंतीत एकेकाला त्याचं फर्मवेअर, म्हणजे यंत्राच्या आत चालणारा प्रोग्रॅम, अपडेट करायची लहर येते. मग त्याच त्या तक्रारी. यंत्र चार्ज होतंय पण कॉम्प्युटरला दिसत नाही. अपडेट अर्ध्यावर जाऊन थांबतं. अपडेट झालं म्हणतंय पण स्क्रीन पांढरी. आणि सगळ्यात जास्त ऐकू येणारी: 'गेल्या वर्षी ह्याच केबलने झालं होतं, यंदा का नाही?'

या शेवटच्या तक्रारीतच अर्धं उत्तर आहे. केबल तीच, लॅपटॉप तोच, यंत्र तेच. मधल्या काळात काम केलं ते खाऱ्या हवेने. त्याकडे येतोच, पण आधी घबराट कमी करू.

काळी स्क्रीन हा बिघाड नव्हे

नॅनोव्हीएनएच्या मूळ आणि 'एच' मॉडेलमध्ये एसटीएम३२ एफ०७२ हा मायक्रोकंट्रोलर असतो, 'एच४' मध्ये एफ३०३. दोन्हींत फर्मवेअर लिहून घेणारा छोटा प्रोग्रॅम, म्हणजे बूटलोडर, चिप बनते तिथेच सिस्टिम मेमरीत टाकलेला असतो. तो तुमच्या-माझ्याकडून पुसला जात नाही. अपडेटमध्ये पुसली जाते ती फ्लॅश मेमरी, आणि ती वेगळी. त्यामुळे लिहिणं मध्येच तुटलं, लाईट गेली, अगदी दुसऱ्याच मॉडेलची फाईल घातली, तरी यंत्र परत बूटलोडरमध्ये नेता येतं आणि परत लिहिता येतं. एकदा फसलेलं अपडेट दहा वेळा केलं तरी चिपचं काही बिघडत नाही.

यंत्र बूटलोडरमध्ये असतं त्या अवस्थेला डीएफयू (डिव्हाइस फर्मवेअर अपग्रेड) मोड म्हणतात. स्क्रीनवर चित्र काढणारा प्रोग्रॅम फ्लॅशमध्ये असतो आणि डीएफयू मोडमध्ये तो चालूच नसतो, म्हणून स्क्रीन काळी. एखाद्या बोर्डावर बॅकलाइट लागतो, मग ती पांढरी दिसते. 'काळो पडलो, मेलो ह्यो' म्हणत मालवणकडून यंत्र पिशवीत घालून आणणारे भेटतात. यंत्र मात्र फाईलची वाट बघत जागं असतं.

डीएफयू मोडमध्ये जायचे तीन रस्ते. फर्मवेअर चालू असेल आणि जरा नवं असेल तर कॉन्फिग मेनूतच डीएफयूचा पर्याय असतो. स्क्रीन गेलेली असेल तर यंत्र बंद करा, वरचा जॉग स्विच (बोटाने सरकवायचा-दाबायचा छोटा स्विच) आत दाबून धरा आणि तसाच धरून पॉवर चालू करा. 'एच४' आणि 'एच' च्या पुढच्या आवृत्त्यांत हे चालतं. अगदी जुन्या बोर्डावर मागचं झाकण काढून बूट-शून्य लिहिलेला पॅड शेजारच्या व्हीडीडी पॅडला चिमट्याने जोडायचा आणि जोडलेला असतानाच पॉवर द्यायची. तिन्ही रस्ते एकाच दारात जातात. बाहेर यायला पॉवर बंद करून पुन्हा चालू करणं पुरतं.

एक सूचना इथेच. 'व्ही२' नावाने विकलं जाणारं यंत्र नावाने याच घरातलं वाटलं तरी आतून वेगळं आहे. त्याचा मायक्रोकंट्रोलर वेगळा, बूटलोडर वेगळा, अपडेट करणारा प्रोग्रॅमही वेगळा. पुढचं त्याला लागू नाही. उलट टायनीएसए हे स्पेक्ट्रम अ‍ॅनलायझर आतून नॅनोव्हीएनएसारखंच आहे, छोट्यात एफ०७२ आणि 'अल्ट्रा' मध्ये एफ३०३, त्यामुळे त्याला बहुतेक सगळं लागू पडतं.

पहिला प्रश्न एकच: कॉम्प्युटरला दिसतंय का?

बाकी काहीही करण्याआधी याचं उत्तर काढा. यंत्र डीएफयू मोडमध्ये जोडल्यावर विंडोजच्या डिव्हाइस मॅनेजरमध्ये 'एसटीएम३२ बूटलोडर' किंवा 'एसटीएम डिव्हाइस इन डीएफयू मोड' अशी ओळ यायला हवी. नाव काहीही असो, त्या ओळीच्या प्रॉपर्टीजमध्ये हार्डवेअर आयडी पाहा: व्हेंडर ०४८३ आणि प्रॉडक्ट डीएफ११ दिसलं की बूटलोडर बोलतोय. प्रॉडक्ट ५७४० दिसलं तर यंत्र डीएफयूत गेलेलंच नाही, ते नेहमीच्या मोडमध्ये कॉम पोर्ट म्हणून दिसतंय. या फरकाकडे न बघता अपडेटचा प्रोग्रॅम तासभर चालवत बसणारे पुष्कळ. लिनक्सवर एलएसयूएसबी ही आज्ञा दिली की हेच आकडे समोर येतात.

डीएफ११ दिसत असेल आणि तरी लिहिणं सुरूच होत नसेल तर केबल, पोर्ट, बॅटरी यांना हात लावू नका. भानगड ड्रायव्हरची किंवा फाईलची आहे. दिसत नसेल तर ड्रायव्हर आणि फाईल यांना हात लावू नका. भानगड तारेत किंवा पोर्टात आहे. पिवळं उद्गारचिन्ह आणि 'अननोन यूएसबी डिव्हाइस, डिस्क्रिप्टर रिक्वेस्ट फेल्ड' असं आलं तर तेही तारेच्याच खात्यात टाका: कॉम्प्युटरला काहीतरी लागलंय एवढं कळलं, पण बोलणं नीट पोचत नाहीये.

दिसत नसेल तर: केबल, मग पोर्ट

केबलचं आधी. घरात पडलेल्या निम्म्या केबल नुसत्या चार्जिंगच्या असतात, त्यांत डेटाच्या दोन तारा नसतातच. पंखा, टॉर्च, ट्रिमर यांच्याबरोबर आलेली केबल बाजूला ठेवा. तपासायची सोपी रीत म्हणजे त्याच केबलने मोबाईल जोडून फोटो उतरवून बघा. फोटो उतरले तर केबल शाबूत.

दुसरी गोष्ट फारशी कुणाला माहीत नसते. सुरुवातीच्या कितीतरी नॅनोव्हीएनएंवर टाइप-सी पोर्ट आहे, पण त्या पोर्टाला लागणारे ५.१ किलो-ओहमचे दोन रेझिस्टर बोर्डावर बसवलेलेच नाहीत. ते नसले की दोन्ही टोकांना टाइप-सी असलेली केबल लावल्यावर समोरच्या लॅपटॉपला इथे काही जोडलंय हेच कळत नाही. तो ५ व्होल्टही सोडत नाही. चार्ज नाही, डेटा नाही, काहीच नाही. अशा यंत्राला एका टोकाला जुनं चपटं टाइप-ए असलेली केबलच लागते. लॅपटॉपला फक्त टाइप-सी पोर्ट असतील तर मध्ये टाइप-ए चा अडॅप्टर घाला. हाताला सराव असेल तर ते दोन रेझिस्टर मागाहून डकवताही येतात, पण त्यासाठी पोर्टाशेजारचे सीसी पाय शोधायला भिंग आणि धीर दोन्ही हवेत.

हब काढून टाका. टेबलाखालच्या डेस्कटॉपला पुढचे नाही, मागचे यूएसबी वापरा. पुढच्या पोर्टांची आतली तार लांब असते आणि किनाऱ्यावरच्या दुकानात ते पोर्ट आधी कळकतात.

आता पोर्ट. कोकणातल्या अपडेटांचा खरा शत्रू हाच, म्हणून इथे जरा थांबतो.

समुद्रावरून येणाऱ्या हवेत मीठ असतं, पावसाळ्यात ओलावा त्याला विरघळवतो, आणि तो खारट पापुद्रा तांब्याच्या आणि सोन्याच्या पातळ मुलाम्यावर बसतो. मुलामा जिथे केबल घालून-काढून झिजलाय तिथे खालचा धातू उघडा पडतो आणि हिरवट कीट धरतं. त्यात चार्जिंगसाठी ५ व्होल्ट आले की ओल्या मिठातून बारीक करंट वाहतो आणि कीट आणखी वेगाने वाढतं. बोटीवरून आलेल्या ओल्या हाताने केबल घातली की झालंच.

मग चार्जिंग चालू आणि डेटा बंद, असं का? टाइप-सी पोर्टात ५ व्होल्टसाठी चार पाय आणि ग्राउंडसाठी चार पाय असतात. त्यातले एक-दोन खराब झाले तरी उरलेल्यांतून करंट जातो, चार्जिंगचा दिवा लागतो, आपण निर्धास्त. डेटाला मात्र केबलच्या बाजूने दोनच संपर्क असतात. त्यातला एक बसला की खेळ संपला. 'चार्ज होतंय म्हणजे पोर्ट चांगला आहे' हा निष्कर्ष म्हणूनच खोटा.

याच रचनेतून एक झटपट चाचणी निघते. पोर्टात डेटाचे संपर्क वरच्या बाजूला एक जोडी आणि खालच्या बाजूला एक जोडी असे असतात आणि बोर्डावर ते एकमेकांना जोडलेले असतात. केबलच्या टोकात मात्र एकच जोडी असते. तेव्हा केबल काढा, उलटी करा आणि परत घाला. एका बाजूने डीएफ११ दिसलं आणि दुसऱ्या बाजूने नाही दिसलं, तर पोर्टाची एक बाजू कळकलीय हे नक्की. काम त्या क्षणी चालणाऱ्या बाजूने उरका, सफाई नंतर करा. एखाद्या फारच स्वस्त बोर्डावर दुसरी जोडी जोडलेलीच नसते, तिथे ही चाचणी फसवते. म्हणून नवीन असताना दोन्ही बाजूंनी लावून बघून ठेवायची सवय चांगली.

सफाई अशी करा. यंत्र बंद, मागचं झाकण काढून बॅटरीचा कनेक्टर सोडवा. मोबाईलचा कॅमेरा झूम करून पोर्टाच्या आत पाहा. मधल्या जिभेवर हिरवट किंवा पांढरट डाग दिसतील. आयसोप्रोपिल अल्कोहोल, मिळालं तर ९९ टक्क्यांचं, मोबाईल दुरुस्तीवाल्यांकडे असतंच. मऊ टूथब्रशचे केस कापून आखूड करा, अल्कोहोलात बुडवून जिभेच्या दोन्ही बाजू हलक्या हाताने घासा, दोन-तीनदा. केबलचं टोकही तसंच. मग पंख्याखाली तासभर ठेवा. हँड सॅनिटायझर वापरू नका, त्यात पाणी आणि ग्लिसरीन असतं. पेट्रोल किंवा थिनर नको, प्लास्टिक मऊ पडतं. टाचणी तर बिलकूल नको, जीभ मोडते. आणि ओलं यंत्र तांदळात पुरण्याचा सल्ला कुणी दिला तर हसून सोडून द्या. तांदळाची भुकटी पोर्टात बसली की ती काढायचं नवं काम लागतं.

साफ करूनही दिसत नसेल तर पोर्टाचे बोर्डाला डकवलेले पाय पाहा. खिशात, पेटीत, बोटीच्या केबिनमध्ये आपटून ते सुटतात. केबल जरा दाबून धरल्यावर दिसतं आणि सोडल्यावर जातं, तर हाच रोग. रिसोल्डर करून घ्या.

दिसतंय, पण प्रोग्रॅमला सापडत नाही

हा सगळा ड्रायव्हरचा घोळ, आणि तो फक्त विंडोजवर. चिप बनवणाऱ्या एसटी कंपनीचेच दोन प्रोग्रॅम चलनात आहेत. जुना डीएफयूएसई डेमो, नवा क्यूबप्रोग्रॅमर. जुन्याला त्याचा स्वतःचा जुना ड्रायव्हर लागतो, नव्याला विनयूएसबी ड्रायव्हर. डीएफयू-युटिल हा तिसरा, मुक्त प्रोग्रॅम. तोही विनयूएसबीवरच चालतो. एका वेळी एकच ड्रायव्हर त्या आयडीला चिकटतो. म्हणजे गेल्या वर्षी कुणीतरी डीएफयूएसई डेमो टाकून दिला असेल आणि यंदा तुम्ही क्यूबप्रोग्रॅमर उतरवला, तर डिव्हाइस मॅनेजरमध्ये यंत्र झकास दिसेल आणि क्यूबप्रोग्रॅमर म्हणेल 'नो डीएफयू डिटेक्टेड'. घाबरून तिसरा प्रोग्रॅम टाकलात की गुंता वाढतो.

माझं मत विचाराल तर क्यूबप्रोग्रॅमरवर थांबा. यंत्र डीएफयू मोडमध्ये जोडलेलं असताना डिव्हाइस मॅनेजरमध्ये त्या ओळीवर उजवं क्लिक, अनइन्स्टॉल, आणि 'ड्रायव्हर सॉफ्टवेअरही काढून टाका' या चौकटीत खूण करायला विसरू नका. ती खूण नसेल तर जुना ड्रायव्हर परत येऊन बसतो. मग केबल काढा, परत डीएफयूत जोडा, आणि क्यूबप्रोग्रॅमरच्या फोल्डरमधल्या ड्रायव्हर्समध्ये डीएफयूचा ड्रायव्हर आहे तो टाका. प्रोग्रॅममध्ये उजवीकडे एसटी-लिंकच्या जागी यूएसबी निवडा, शेजारचं रिफ्रेशचं चिन्ह दाबा, मग कनेक्ट. झॅडिग वापरून ड्रायव्हर बदलणार असाल तर यादीतून नेमकं बूटलोडरच निवडलंय ना, हे दोनदा बघा. चुकून माऊसचा ड्रायव्हर बदलला की संध्याकाळ त्यातच जाते.

लिनक्सवर ड्रायव्हर लागत नाही, परवानगी लागते. डीएफयू-युटिल 'कॅनॉट ओपन डीएफयू डिव्हाइस' म्हणाला तर आज्ञेआधी सुडो लावून पाहा. मॅकवर यापेक्षा कमी त्रास.

फाईल: नेटवर्क, मॉडेल आणि शेपूट

गुहागर-देवगडच्या आतल्या गावांत पावसात नेटवर्क येतं-जातं, आणि अर्धवट उतरलेली फाईल पूर्ण असल्यासारखी दिसते. फाईलचा आकार मूळ पानावर लिहिलेल्या आकाराशी ताडून पाहा. शेजारी शा-२५६ चा आकडा (फाईल जशीच्या तशी आहे ना हे पडताळायचा) दिलेला असेल तर विंडोजमधली सर्टयुटिल ही आज्ञा तो काढून देते. दोन्ही आकडे जुळले की फाईलवरचा संशय मिटला. आणखी एक नेहमीचा घोटाळा: गिटहबवर फाईलच्या नावावर उजवं क्लिक करून 'सेव्ह लिंक' केलं की फाईल न उतरता त्या फाईलचं वेबपान उतरतं, नाव मात्र फाईलचंच. नोटपॅडमध्ये उघडल्यावर पहिल्याच ओळीत एचटीएमएल दिसलं तर हेच झालंय. रिलीज विभागातून किंवा डाउनलोडचं बटण दाबून घ्या.

आकारावरून आणखी एक अंदाज बांधता येतो. 'एच' च्या चिपमध्ये फ्लॅश १२८ केबी, म्हणजे १,३१,०७२ बाइट. तुमची बिन फाईल (नावाच्या शेवटी .bin) त्याहून मोठी असेल तर ती या यंत्राची नाहीच. 'एच४' ची हद्द २५६ केबी. हेक्स फाईलला (.hex) हा हिशेब लावू नका. ती अक्षरांत लिहिलेली असते, तेवढाच मजकूर त्यात दुपटीहून जास्त जागा खातो.

शेपटीवरून, म्हणजे फाईलच्या नावातल्या टिंबानंतरच्या भागावरून, होणारे घोळ असे. डीएफयूएसई डेमोला डीएफयू शेपटीची फाईलच चालते. क्यूबप्रोग्रॅमरला हेक्स किंवा बिन द्या. हेक्स आणि डीएफयू फाईलींत कुठे लिहायचं तो पत्ता आतच असतो. बिनमध्ये तो नसतो, म्हणून प्रोग्रॅमला सांगावा लागतो: सोळाच्या पद्धतीत ०८००००००. एक शून्य कमी-जास्त झालं की लिहिणं नाकारलं जातं, आणि दोष यंत्राला दिला जातो. पर्याय असेल तर हेक्स घ्या. नाव बदलून शेपूट बदलल्याने फाईलचा प्रकार बदलत नाही हे सांगायला नको, पण सांगावं लागतं.

'एच' ची फाईल 'एच४' ला आणि उलट, हे सर्रास होतं. स्क्रीन पांढरी किंवा कचरा दिसतो. काही हरकत नाही. जॉग दाबून परत डीएफयूत जा आणि बरोबर फाईल लिहा. यंत्राच्या पाठीवरचं नाव विश्वासाचं नसतं, नकली माल भरपूर आहे. स्क्रीन मोजा: २.८ इंच म्हणजे 'एच' च्या घरातलं, ४ इंच म्हणजे 'एच४'. त्याहून पक्कं म्हणजे झाकण काढून मोठ्या चिपवरचं नाव वाचणं.

अर्ध्यावर थांबतं तेव्हा

लिहिणं सुरू होऊन मध्येच तुटत असेल तर पुन्हा केबल-पोर्टाकडे जा. जेमतेम टिकलेला संपर्क थोडा वेळ चालतो आणि मग सुटतो. लॅपटॉप बॅटरीवर ठेवा, चार्जर काढून. पावसात व्होल्टेज खालीवर होतं, इन्व्हर्टर आत-बाहेर होतो, त्या झटक्यात यूएसबी तुटतं. यंत्राची बॅटरी आधी भरून घ्या. आणि अँटेनाची केबल यंत्राला लावलेली असेल तर आधी काढा. विजा चमकत असताना कुठलंही मोजमापाचं यंत्र बाहेरच्या तारेला जोडून ठेवायचं नसतं, अपडेट असो वा नसो.

लिहायच्या आधीच 'रीड प्रोटेक्टेड' अशा अर्थाचा नकार येत असेल तर विकणाऱ्याने चिपला कुलूप घातलंय. क्यूबप्रोग्रॅमरच्या ऑप्शन बाइट्समध्ये आरडीपी, म्हणजे त्या कुलपाची पातळी, शून्यावर आणा. तसं केल्यावर फ्लॅश पूर्ण पुसली जाते, जुनं फर्मवेअर जातं. म्हणून नवी फाईल हातात असल्याशिवाय आणि तपासल्याशिवाय हे करू नका.

डीएफयू-युटिलचे दोन संदेश उगाच घाबरवतात. बिन फाईल दिल्यावर 'डीएफयू सफिक्स नाही' अशी तक्रार येते; ती सूचना आहे, चूक नाही. आणि शेवटी फाईल यशस्वीपणे गेली असं छापल्यावर लगेच 'गेट-स्टेटस' ची चूक दिसते. यंत्र लिहून झाल्यावर स्वतः रीसेट होऊन निघून गेलेलं असतं, प्रोग्रॅम मात्र मागून हाक मारत राहतो. पॉवर बंद-चालू करा, आवृत्तीचा आकडा पाहा. बदलला असेल तर काम झालंय.

झालंय, पण आकडे वेडेवाकडे

हे अपडेट फसणं नव्हेच, पण तक्रार तशीच येते. नव्या फर्मवेअरमध्ये जुन्या सेटिंग्जची मांडणी बदललेली असू शकते, आणि फ्लॅशच्या शेवटच्या भागात जुन्या नोंदी तशाच पडून असतात. नवा प्रोग्रॅम त्या वाचतो आणि गोंधळतो. अपडेटनंतर पहिलं काम म्हणजे कॉन्फिग मेनूत जाऊन क्लिअर कॉन्फिग. मेनूपर्यंत बोटाने पोचता येत नसेल, म्हणजे एकीकडे दाबलं की दुसरीकडे उमटत असेल, तर जॉगने जा. तेही जमत नसेल तर कॉम पोर्टवर टर्मिनल उघडून 'क्लिअरकॉन्फिग १२३४' ही आज्ञा इंग्रजी अक्षर-आकड्यांत द्या. मग टच कॅलिब्रेशन, आणि ते सेव्ह. सेव्ह केलं नाही तर पुढच्या वेळी पहिल्यापासून.

त्यानंतर ओपन, शॉर्ट, लोड या तीन तुकड्यांनी कॅलिब्रेशन नव्याने. जुनं गेलंय किंवा निरुपयोगी झालंय असं धरून चाला. बोटीच्या सेटसाठी सगळी पट्टी कशाला? १५५ ते १६३ मेगाहर्ट्झ ठेवा, चॅनल १६ म्हणजे १५६.८ त्यात येतो, एआयएसचे (बोटींची ओळख आणि जागा सांगणारी यंत्रणा) १६१.९७५ आणि १६२.०२५ ही येतात. कॅलिब्रेशन करून ५० ओहमचा लोड लावून पाहा. एसडब्ल्यूआर (किती सिग्नल परत फिरतो त्याचं माप) १ च्या जवळ सपाट रेघ दिसली की यंत्र ठीक. लोडवर ठीक आणि अँटेनावर वाईट दिसत असेल तर फर्मवेअरला शिव्या देऊ नका, डोलकाठीवरच्या कनेक्टरमध्ये पाणी शिरलंय का ते बघा.

वरच्या फ्रिक्वेन्सीवर फारच गडबड दिसत असेल तर आतली घड्याळ-चिप पाहा. काही बोर्डांवर एसआय५३५१ असते, काहींवर एमएस५३५१, आणि फर्मवेअरच्या एक्स्पर्ट सेटिंग्जमध्ये त्याचा पर्याय असतो. १५६ मेगाहर्ट्झच्या कामाला याने सहसा अडत नाही.

बाकीच्या यंत्रांना हाच धीर धरू नका

इतका वेळ 'घाबरू नका' म्हणत आलो ते चिपमधल्या न पुसल्या जाणाऱ्या यूएसबी बूटलोडरच्या भरवशावर. सगळ्या हातातल्या यंत्रांत तो नसतो. डीएसओ२०३ हा खिशातला ऑसिलोस्कोप घ्या. त्यात एफ१०३ चिप आहे, तिच्या कारखान्यातल्या बूटलोडरला यूएसबी येत नाही. यूएसबीने अपडेट घेणारा भाग त्याच्या फ्लॅशमध्येच राहतो, तो बिघडला तर यूएसबीचा रस्ता बंद. हा स्कोप अपडेटच्या वेळी छोट्या ड्राइव्हसारखा दिसतो, हेक्स फाईल त्यावर टाकली की शेपूट बदलते: आरडीवाय झाली तर लिहिली गेली, ईआरआर झाली तर नाही. विंडोज ८ पासून पुढे हा ड्राइव्ह दिसताच विंडोज त्यावर स्वतःचं एक फोल्डर लिहायला जातं आणि त्या खोट्या ड्राइव्हचा तोल जातो. मॅकही तेच करतो, लपलेल्या फाईली टाकतो. जुन्या विंडोज ७ चा लॅपटॉप कुणाकडे पडला असेल तर तो अशा कामाला फेकू नका.

अपडेट करावं का, हाही प्रश्न आहेच. यंत्र बरोबर मोजतंय, तुम्हाला हवी ती सोय त्यात आहे, तर मी हात लावणार नाही. नारळी पौर्णिमा तोंडावर आली, रांगेत बोटी उभ्या आहेत आणि त्याच सकाळी अपडेट, हे तर नकोच.

पावसाळ्यात यंत्र घट्ट झाकणाच्या डब्यात, सिलिका जेलच्या पुड्यांसह ठेवा. निळ्या दाण्यांची पुडी घेतली तर दाणे गुलाबी झाले की तापवून परत वापरता येते. पोर्टाला रबरी बूच मिळतं, ते लावा.

सगळं करूनही डीएफ११ कुठेच येत नसेल, दोन कॉम्प्युटर, खात्रीची केबल, साफ पोर्ट, तर यूएसबीचा नाद सोडा. बोर्डावर ३.३ व्होल्ट येतात का मोजा. येत नसतील तर रेग्युलेटर किंवा स्विच, फर्मवेअरचा संबंध नाही. येत असतील तर बोर्डावरच्या एसडब्ल्यूडीच्या पॅडना एसटी-लिंकच्या (यूएसबी टाळून चिपमध्ये थेट लिहिणारं छोटं उपकरण) तारा लावा आणि क्यूबप्रोग्रॅमरमध्ये रीसेटखाली जोडणीचा पर्याय निवडा. रीसेटचा पॅड शोधून तीही तार जोडावी लागते. चिपचा आयडी वाचला गेला तर फर्मवेअर तिथूनच लिहा, यूएसबी नंतर सावकाश दुरुस्त होईल. आयडीही येत नसेल तर चिप गेली. एफ०७२ ची ४८ पायांची चिप हॉट एअरने बदलणारे मोबाईल दुरुस्तीवाले सापडतात, पण 'एच' साठी एवढा खर्च करण्यापेक्षा नवं घेतलेलं परवडतं. जुन्याची स्क्रीन, बॅटरी आणि कॅलिब्रेशनचे तीन तुकडे मात्र काढून ठेवा.